खाली टेकव ती कात्री

“अरे, खाली टेकव ना ती कात्री!” मास्तर टीव्हीवर खेकसले.

टीव्हीतल्या काकांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी एका हाताने कापड हवेत धरलं आणि दुसऱ्या हाताने कचाकचा कात्री चालवली. मागे बासरी वाजत होती.

“अंगठा बघा, कुठे घातलाय तो! मोठ्या भोकात! अहो, मोठं भोक बोटांचं असतं. आणि खालचं पातं टेबलावरून उठताच कामा नये. पातं उठलं की कापड सरकलं. म्हणे चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय याने. चाळीस मिनिटं तरी केलंय का?”

“तो नट आहे, जावईबापू,” सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. “त्याला कुठे खरंच सदरा शिवायचाय?”

“मग शिंपी कशाला दाखवता? माळी दाखवा. कुंपण कापू दे त्याला.”

“बघवत नसेल तर उठा ना तिथून,” आतून बायकोचा आवाज आला. “रोज साडेसात वाजले की रक्त आटवायला बसता.”

मास्तर उठले नाहीत. मालिका सुरू होऊन आठ महिने झाले होते आणि त्यांनी तिचा एकही भाग चुकवला नव्हता. सासूबाई ती मालिका डोळ्यांत पाणी आणून बघत. बायको हातातलं काम न सोडता स्वयंपाकघराच्या दारातून बघे. मास्तर दात-ओठ खाऊन बघत. रविवारी दुपारी आठवड्याचे सगळे भाग पुन्हा दाखवत, तेव्हाही ते बसत आणि त्याच त्याच जागी पुन्हा तितकेच चिडत.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. कपड्यांच्या कारखान्यात जो कापड कापतो त्याला कटिंग मास्तर म्हणतात. चौदा पावलं लांब टेबल, त्यावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक, सगळ्यात वर आखलेला कागद, आणि त्या रेघांवरून फिरणारं उभ्या पात्याचं मशीन. शिवणारीची चूक उसवता येते, कापणाऱ्याची येत नाही आणि ती एका वेळी सत्तर ठिकाणी होते, हे मास्तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. सव्वीस वर्षं ते एकाच टेबलाशी उभे होते. वय बावन्न. गुडघे बोलायला लागलेले, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढणारा, डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक फार पूर्वी पात्याने नेलेलं. तेव्हापासून ते लोखंडी जाळीचा हातमोजा घालत आणि तो काढून ठेवला की हात हलका झाल्यासारखा वाटण्याऐवजी उघडा पडल्यासारखा वाटे.

कारखान्यात त्यांचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. वरिष्ठांपुढे तर त्यांचे दोनच शब्द ठरलेले. “बरं साहेब.” गेली सव्वीस वर्षं चार वेगवेगळ्या साहेबांना ते हेच म्हणत आले होते. बाकीचं सगळं बोलणं साठवून ते घरी आणत आणि साडेसात वाजता टीव्हीतल्या काकांच्या अंगावर ओतत.

त्या काकांची गोष्ट अशी. एका मोठ्या दुकानात ते जुने शिंपी. मालकाचा मुलगा उद्धट, सून तोंडाळ, हाताखालचे लोक कामचुकार. सगळे काकांना बोलणार आणि काका हसणार. कुणी अंगावर धावून आलं की काका हात जोडणार. मग कॅमेरा तीनदा त्यांच्या चेहऱ्यावर जाणार, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा थेट नाकासमोरून. घराघरांतल्या बाया या काकांवर जीव टाकत होत्या.

कारखान्यातल्याही. डबा खायच्या सुट्टीत शिवणाऱ्या बायांमध्ये दुसरा विषयच नसे. आणि एक दिवस त्यांच्यातली एक जण म्हणाली, “आपले मास्तर म्हणजे अगदी ते काकाच नाहीत का गं? कुणी काही बोललं तरी एक शब्द नाही.”

“खरंच की! फक्त बासरी नाही.”

सगळ्या हसल्या. प्रेमानेच हसल्या. मास्तरांनी मात्र त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला आणि दुपारभर मशीनचं पातं इतकं घासलं की ठिणग्या उडाल्या.

आता नव्या साहेबांबद्दल सांगायला हवं. ते सहा महिन्यांपूर्वी आले. वय बत्तीस. हातात कायम फोन आणि फोनमध्ये सेकंद मोजणारं घड्याळ. एक बाही लावायला किती सेकंद, एक घडी घालायला किती, पाणी प्यायला जाऊन यायला किती, सगळं ते मोजत. बायांनी दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं नाव स्टॉपवॉच ठेवलं.

एका सकाळी स्टॉपवॉच टेबलाशी आले तेव्हा मास्तर आणि थरवाली मिळून टी-शर्टच्या कापडाचा तागा उलगडत होते. थरवाली म्हणजे टेबलावर कापडाचे थर लावणारी बाई, चाळिशीची, जिभेला हाड नसलेली, कामाला लागून जेमतेम वर्ष झालेली.

“कधी कापताय?”

“उद्या, साहेब. आज निजवायचंय.”

“काय करायचंय?”

“कापड निजवायचं, साहेब.”

हे निजवणं मास्तरांनी त्यांच्या गुरूकडून, जुन्या मास्तरांकडून घेतलेलं. टी-शर्टचं कापड ताणतं. गिरणीत ते ओढून ओढून ताग्यावर गुंडाळलेलं असतं. ते उलगडून एक दिवस मोकळं टाकलं की हळूहळू आखडतं आणि आपल्या मूळ मापावर येतं. मगच कापायचं. तसं न करता कापलं, तर कापताना माप बरोबर आणि कापून झाल्यावर तुकडे एक नंबर लहान. जुने मास्तर कापडावर बरोबर एक मीटर अंतरावर खडूने दोन खुणा करत आणि दुसऱ्या दिवशी त्या खुणांना पुन्हा टेप लावत. किती आखडलं ते कळे.

हे सगळं साहेबांना समजावून सांगायला तीन मिनिटं लागली असती. मास्तर एवढंच म्हणाले, “नाही निजवलं तर आखडेल, साहेब.”

स्टॉपवॉच मोठ्याने हसले. “मग अंगाई म्हणायची का, मास्तर? आठशे शर्ट द्यायचेत शाळेला. टेबल दिवसभर अडवून कापड झोपणार आणि आपण काय त्याचे पाय चेपणार?”

मशीनवरच्या चार-पाच बाया फिसकन हसल्या. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“आजच कापा.”

“बरं साहेब,” मास्तर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आठशे शर्ट कापून झाले. ताग्याचं एक टोक उरलं होतं. सवयीने मास्तरांनी त्यावर खडूच्या दोन खुणा केल्या आणि ती पट्टी टेबलाखालच्या फळीवर सपाट ठेवून दिली. तिचं पुढे काय झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, घरीदेखील नाही.

सगळा माल शिवून गेला आणि गेला तसा परत आला. शाळेने चिठ्ठी पाठवली होती. मुलांनी हात वर केले की पोटं उघडी पडतात, अडतीसचा शर्ट छत्तीसचा भरतो, हे आम्हाला चालणार नाही. आठशे शर्टांची खोकी दारापासून जिन्यापर्यंत रचली गेली आणि ये-जा करणारा प्रत्येक जण त्यांना अंग चोरून जाऊ लागला.

शुक्रवारी दुपारी स्टॉपवॉचनी मास्तरांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बसायला सांगितलं. मग एक कागद पुढे सरकवला. त्यावर छापलं होतं की कटिंग मास्तरांकडून मापात चूक झाल्यामुळे माल परत आला.

“सही करा, मास्तर. सोमवारी मालक येतायत. तुम्ही त्यांचे जुने माणूस. दोन शब्द बोलतील आणि सोडून देतील. मी नवा आहे. माझं काय होईल, सांगा बरं?”

“माप बरोबर होतं, साहेब.”

“हो, पण काहीतरी कारण द्यायला हवं ना? तुमचं नको असेल तर दुसरं लिहू. थर ताणून लावले, असं. ती तुमची थर लावणारी नवी आहे. तिला काढलं तरी कुणी हूं की चूं करणार नाही.” स्टॉपवॉचनी घड्याळ बघितलं. “मला सोमवारी सकाळी द्या. विचार करा.”

“बरं साहेब,” म्हणून मास्तरांनी कागदाची घडी खिशात घातली. जिना उतरताना आपण परत तेच दोन शब्द बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी शेवटच्या पायरीवरचं एक खोकं लाथेने उडवलं.

नळाशी थरवाली हात धूत उभी होती. तिला सगळं काढून घ्यायला दोन मिनिटं पुरली.

“आणि तुम्ही सही करणार,” ती म्हणाली.

“अजून तसं—”

“करणार! मला माहीत नाही का? काका ना तुम्ही! माझ्यासाठी करणार, वर हात जोडणार. नका करू, मास्तर. मला तुमचा धर्मादाय नकोय. उद्या सगळ्या विचारतील, मास्तरांनी हिलाच का वाचवलं? काय काय बोलतील, कळतंय ना? मी थर नीट लावलेत. एवढंच सांगा तिकडे. तोंड आहे ना तुम्हाला? की ते नुसतं डबा खायला?”

ती ओल्या हाताचे शिंतोडे उडवत निघून गेली.

त्या संध्याकाळी मालिकेत नेमकं तेच व्हायचं होतं. मालकाच्या उद्धट मुलाने एका बड्या गिऱ्हाइकाच्या कोटावर तापलेली इस्त्री तशीच ठेवली. कोट जळला. सगळे जमले. मुलाचं तोंड पांढरंफटक पडलं. आणि काका पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, “चूक माझीच आहे.” कॅमेरा डावीकडून गेला, उजवीकडून गेला, नाकासमोरून गेला. बासरीवाल्याने जीव तोडून बासरी वाजवली.

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. “माणूस असावा तर असा.”

“असा?” मास्तर ताडकन उठले. “याला माणूस म्हणता? अरे, तुला माहितेय ना इस्त्री कुणी ठेवली? डोळ्यांनी बघितलंस ना? मग बोल ना! दातखीळ बसली का तुझी? हात काय जोडतोस, नालायका! तुझ्या असल्या हात जोडण्यानेच तो पोरगा माजलाय!”

“अहो, शेजारी ऐकतील,” सासूबाई घाबरून म्हणाल्या.

“ऐकू देत! आठ महिने बघतोय मी. ना धड कात्री धरता येते, ना धड तोंड उघडता येतं!”

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिने टीव्ही बंद केला. ती चिडली की हळू बोलत असे. आता ती फारच हळू बोलली.

“कुणावर ओरडताय तुम्ही?”

“त्या काकावर!”

“असं होय? मला वाटलं, कुणी ओळखीचा आहे.” तिने हात पुसले. “मागे कारखान्यातल्या त्या रंगाच्या घोळात कोण गप्प बसलं होतं? आणि बटणांच्या वेळी? तिथे गप्प बसायचं आणि इथे येऊन दोन दोन दिवस दारं आपटत फिरायचं. मालिकेत काकांची बायको कधीच का दाखवत नाहीत, माहितेय? दाखवली असती तर तिने सांगितलं असतं सगळ्यांना, हा देवमाणूस घरात कसा वागतो ते.”

सासूबाईंनी शेंगांचं ताट उचललं आणि गुपचूप आत गेल्या. मास्तर बंद टीव्हीसमोर उभे राहिले. काचेत त्यांचंच पोट आणि चष्मा दिसत होता.

शनिवार तसाच गेला. घरात कुणी कुणाशी कामापुरतंच बोललं.

रविवारी दुपारी मास्तरांनी मालिकेचे सगळे भाग पुन्हा बघितले. या वेळी ते ओरडले नाहीत. शेवटी पडद्यावर पत्ता आला आणि ‘आपलं मत कळवा’ अशी अक्षरं आली, तेव्हा त्यांनी कारखान्यातून आणलेला आखणीचा जुना कागद उलटा केला, कानावरची पेन्सिल काढली आणि लिहायला बसले. आयुष्यात त्यांनी मापं आणि सह्या यापलीकडे फारसं काही लिहिलं नव्हतं. अक्षर मोठं आणि सरळ, बेतल्यासारखं.

‘मालिका करणाऱ्या साहेबांना,’ त्यांनी लिहिलं. ‘तुमचे काका कात्री उलटी धरतात. अंगठा लहान भोकात घालावा. खालचं पातं टेबलाला टेकलेलं असावं. हे कुठल्याही शिंप्याला विचारलंत तर फुकट सांगेल.’

एवढं लिहून त्यांना बरं वाटलं. त्यांनी पुढे लिहिलं.

‘दुसरं. इस्त्री त्या मुलाने ठेवली होती. काकांनी खोटं सांगितलं. खोटं बोलणाऱ्या माणसामागे बासरी वाजवू नये. तिसरं. गप्प बसणारा माणूस चांगला असतो असं तुम्ही रोज दाखवता. गप्प बसणाऱ्याच्या पोटात काय असतं ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे. कारण’

इथे पेन्सिल थांबली.

कारण खडूच्या खुणांची ती पट्टी. कापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मशीनं सुरू व्हायच्या आधी, मास्तरांनी ती फळीवरून काढली होती आणि टेप लावली होती. शंभरच्या जागी पंच्याण्णव. कापलेले तुकडे तेव्हा गठ्ठे बांधून मांडणीवर तसेच पडले होते. एक टाका पडला नव्हता. गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या एकेका नंबराने खाली आणायच्या आणि सगळ्यात मोठा नंबर तेवढा नव्याने कापायचा, की झालं असतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मास्तरांनी वर बघितलं होतं. काचेच्या केबिनमध्ये स्टॉपवॉच खुर्चीवर पाय टाकून फोनवर हसत होते. मास्तर मनात म्हणाले होते, म्हण आता अंगाई. आणि पट्टी घडी करून डब्याच्या पिशवीत कोंबली होती.

त्यानंतर सतरा दिवस शिवण चाललं. रोज त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक शर्ट लहान होऊन बाहेर पडत होता आणि रोज त्यांना आतून बरं वाटत होतं. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जाऊ दे माल. येऊ दे परत. पडू दे त्या दीडशहाण्याला तोंडावर. आणि वरून बाया म्हणत होत्या, आपले मास्तर अगदी काकांसारखे.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण या वेळी समोर टीव्ही नव्हता. होता तो उलटा केलेला कागद. त्यांनी तो टरकावला. मग दुसरा घेतला. त्यावर मालिका नव्हती, काका नव्हते. कापड कधी उलगडलं, साहेब काय म्हणाले, आपण काय म्हणालो, कधी कापलं, खुणा किती भरल्या, कुणी थर लावले आणि ते कसे बरोबर होते, आणि आपण सतरा दिवस का बोललो नाही, हे सगळं एकाखाली एक लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘राग होता म्हणून बोललो नाही.’ आणि सही केली.

कागद त्यांनी बायकोला वाचायला दिला. ती शेवटपर्यंत वाचून थांबली, मग मधली एक ओळ पुन्हा वाचली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“सतरा दिवस?”

“हो.”

तिने कागद घडी करून परत दिला. मग म्हणाली, “हे मालकांच्या आधी त्या थर लावणाऱ्या बाईला सांगा.”

“तिला कशाला? मालकांना देतोच आहे ना.”

“कारण मालकांना सांगणं सोपं आहे.”

ते किती खरं होतं ते सोमवारी सकाळी कळलं. थरवालीने कागद नळाशी उभ्या उभ्या वाचला. आधी तिचा चेहरा खुलला. मग खालच्या ओळींपर्यंत आली.

“माहीत होतं तुम्हाला?”

“हो, ताई.”

“शुक्रवारी मी इथे घसा फोडत होते, तेव्हाही माहीत होतं?” तिचा आवाज चढला. दोन बाया वळून बघायला लागल्या. “आणि त्याच्या आधी रोज माझ्यासमोर बसून डबा खात होतात? लोणचं मागून घेत होतात? माझी नोकरी जाणार होती, मास्तर! तुमच्या रुसव्यापायी! काका परवडले हो. ते निदान दुसऱ्याची चूक अंगावर घेतात. तुम्ही तर तुमची माझ्या अंगावर येऊ देत होतात!”

मास्तरांना म्हणायचं होतं की ती चूक तुमच्यावर येईल हे तेव्हा मनात आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. पण ते म्हणाले नाहीत, कारण मनात आणायला हवं होतं.

“चला वर,” ते एवढंच म्हणाले.

“मी कशाला येऊ?”

“साहेब म्हणतील, मी सांगितलंच नव्हतं. तुम्ही ऐकलंय.”

मालक सत्तरीचे, जाड भिंगांचे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. मास्तरांनी डब्याच्या पिशवीतून पट्टी काढून टेबलावर पसरली. खडूच्या खुणा पुसट झाल्या होत्या, पण होत्या. मालकांनी स्वतः टेप मागवली आणि लावली. ते एके काळी स्वतः कापायचे.

“पंच्याण्णव,” मालक म्हणाले.

“मला हे कुणी सांगितलंच नव्हतं!” स्टॉपवॉच लाल झाले. “हे आता मागाहून—”

“सांगितलं,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांच्याच कानाला अनोळखी वाटला. “आखडेल, असं सांगितलं. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. ते माझं. पण एकदा सांगितलं.”

“मी ऐकलंय,” थरवाली दारातून म्हणाली. “आणि अंगाईचंही ऐकलंय. सगळ्या मशीनवाल्यांनी ऐकलंय. बोलवू का?”

स्टॉपवॉचच्या हातातला फोन पहिल्यांदाच बंद होता.

मालकांनी चष्मा काढून मास्तरांकडे बघितलं. “दुसऱ्या दिवशी कळलं होतं, तर माझ्याकडे का आला नाहीस?”

“राग आला होता.”

“त्याचा?”

“त्यांचा. मग माझाच. सव्वीस वर्षांचा होता, मालक. एकदम आला.”

“आणि आठशे पोरांचे शर्ट त्या रागावर घालवलेस.”

“हो.”

“याला ओळखत नाही मी,” मालक स्टॉपवॉचकडे बोट करून म्हणाले. “हा शिकेल, नाहीतर जाईल. पण तू माझ्या टेबलाचा माणूस होतास. तुझ्या सहीवर मी डोळे मिटत होतो.”

निकाल दुपारपर्यंत लागला. थरवालीवर काही आलं नाही. ताणणारं कापड एक दिवस निजवल्याशिवाय कापायचं नाही, अशी चिठ्ठी टेबलावरच्या भिंतीला लागली आणि तिच्याखाली स्टॉपवॉचची सही घेतली गेली. मास्तरांना टेबलावरून काढून घड्या घालायच्या खात्यात पाठवलं. वर्षभरासाठी, मालक म्हणाले, मग बघू. पात्याच्या मशीनवर दुसऱ्या पाळीतला माणूस आला. मास्तरांनी जाळीचा हातमोजा त्याच्या हातात दिला, तो घालायचा कसा ते दाखवलं आणि भिंतीकडे तोंड असलेल्या घडीच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. ते अपमानाने धुमसत होते. आपलंच केलेलं आहे हे माहीत असूनही धुमसत होते. घडी घालायला किती सेकंद लागतात ते मोजायला स्टॉपवॉच एकदा येऊन उभे राहिले, तेव्हा मास्तर म्हणाले, “मागे उभं राहू नका, साहेब. घडी बिघडते.” स्टॉपवॉच गेले. मास्तरांनी ती घडी मोडून पुन्हा घातली.

थरवाली नऊ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. डबा दुसऱ्या कोपऱ्यात खाऊ लागली. दहाव्या दिवशी सकाळी ती टेप गळ्यात अडकवून घडीच्या टेबलाशी आली. हाताला खडू लागलेला होता. हसली नाही.

“काल खुणा केल्या होत्या. तीन आखडलंय. तो नवा माणूस म्हणतो, तीन म्हणजे काही नाही, कापू. बोला, कापायचं की थांबायचं?”

“दुपारी परत टेप लावा. अजून आखडत असेल तर थांबा,” मास्तर पुटपुटले.

“मला नका सांगू कानात. तिकडे ऐकू जायला हवं.”

मास्तरांनी हातातली घडी खाली ठेवली. लांब टेबलाशी नवा माणूस मशीन हातात घेऊन उभा होता. वर केबिनच्या काचेमागे स्टॉपवॉच उभे होते.

“थांबा!” मास्तर ओरडले. सगळी मशीनं क्षणभर थांबल्यासारखी झाली. “अजून आखडतंय! दुपारपर्यंत पातं लावायचं नाही!”

नव्या माणसाने वर केबिनकडे बघितलं. स्टॉपवॉचनी भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बघितलं आणि मान हलवली. मशीन खाली ठेवलं गेलं.

“एवढंच करायचं होतं त्या दिवशी,” थरवाली म्हणाली आणि परत गेली. त्या दिवशीही तिने डबा दुसऱ्याच कोपऱ्यात खाल्ला.

संध्याकाळी मास्तर घरी पोहोचले तेव्हा मालिका सुरू झाली होती. जळलेल्या कोटाचं खरं सगळ्यांना आपोआप कळलं होतं, मुलगा रडत काकांच्या पाया पडला होता आणि दुकानात काकांचा सत्कार चालला होता. लाल फीत कापायला कुणीतरी काकांच्याच हातात कात्री दिली.

मास्तर चपला काढून बसले. कुणी काही बोलायच्या आत सासूबाई टीव्हीकडे झुकल्या, डोळे बारीक केले आणि कडाडल्या,

“अरे मेल्या, अंगठा लहान भोकात घाल!”